झाकणाच्या आतला कागद

प्रिय जावईबापू,

'प्रिय' हा शब्द पत्राच्या सुरुवातीला लिहितात म्हणून लिहिला. त्याचा फार अर्थ काढत बसू नका. तुम्ही कसे आहात, नवीन घर कसं आहे, पाणी किती वाजता येतं, हे विचारायला मी कागद हातात घेतलेला नाही. ती चौकशी तुमच्या सासूबाई दिवसाआड फोनवर करतातच, आणि मी पलीकडच्या खोलीत असलो की मुद्दाम मोठ्याने करतात. मला तुमच्याशी भांडायचं आहे, आणि फोनवर तुम्ही भांडत नाही. नुसतं 'हो मास्तर, बरं मास्तर' करता. सहा वर्षं हेच ऐकून माझे कान किटले. कागद मध्येच 'हो मास्तर' म्हणत नाही, म्हणून हे पत्र.

तर तुमच्या मागे इथे काय झालं ते पहिल्यापासून ऐका. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने तुम्ही माझ्या लेकीला, बेबीला, घेऊन गेलात. रविवारी कारखाना बंद. सोमवारी सकाळी मी मेन स्विच वर केला, दिवे लागले, पंखे फिरले, भरतकामाच्या मशीनची बाराही डोकी उठून बसली, आणि कॉम्प्युटर मात्र सुरू होईना. म्हणजे अगदी मेला होता असं नाही. आतला पंखा घरघरला, एकदा 'टूं' झालं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथेच गाडी अडली. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे. एका ओळीत तारखेचं काहीतरी होतं, दुसरीत डिस्क सापडत नाही, आणि खाली, अमुक बटण दाबा. दाबलं. पुन्हा तेच. मी तो आठ वेळा बंद करून चालू केला, दोन वेळा कुशीत थापट्या मारल्या, एकदा आईमाईवरून बोललो. ढिम्म. तीनशे जाकिटं टेबलावर रचलेली, अग्निशमन दलाची. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला भरायचा, आणि बिल्ल्याचं डिझाइन त्या डब्याच्या पोटात. नवा कॉम्प्युटर आणून जोडावा तर आपल्या मशीनची जाडजूड वायर त्याला बसत नाही. हे तुम्हीच मला एकदा तासभर समजावलं होतं, आणि मी तासभर दुसरीकडे बघत होतो.

मला पहिल्या मिनिटाला कळलं की हे तुमचं काम. कळलं म्हणजे काय, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शनिवारी आपलं वाजल्यावर तुम्ही तावातावाने निघून गेलात आणि दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, परत आलात. मी दारातून बघितलं. डबा टेबलावरून खाली घेतलेला, झाकण उघडं, तुम्ही जमिनीवर उकिडवे बसलेले, स्क्रू ड्रायव्हर दातांत धरलेला. मला पाहिलंत आणि झाकण लावून टाकलंत. बूट घातलेत आणि चालते झालात. भांडण करून गेलेला माणूस तासाभरात चोरपावलांनी परत येऊन मशीन उघडतो आणि सोमवारी ते मशीन चालत नाही, याचा अर्थ काढायला पंडित लागत नाही. मी तो काढला आणि सगळ्यांना सांगितला. तुमच्या सासूबाईंना सांगितला. धागे कापायला येणाऱ्या मावशींना सांगितला. कापडवाल्याला, शेजारच्या छापखान्यात, आणि तुमच्या त्या काकांना, ज्यांनी हे स्थळ आणलं होतं, त्यांना तर घरी जाऊन सांगितला. की आमचे जावई जाता जाता आमच्या पोटावर पाय देऊन गेले. काका खाली मान घालून ऐकत होते. मला बरं वाटलं, खोटं का सांगू?

भांडण कशावरून झालं ते तुम्हाला सांगायला नको, पण मला लिहायचंय. मोठ्या इस्पितळात यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांच्या खात्यात जागा मिळतेय, महिनाअखेरीला रुजू व्हायचं, म्हणून शहर सोडतो, हे तुम्ही मला कधी सांगितलंत? सामानाच्या गाडीची वेळ ठरल्यावर. आणि कुठे? कारखान्यात, तीन बाया आणि कापडवाल्यासमोर. मी काय करायला हवं होतं, पेढे वाटायला हवे होते? सुईत दोरा ओवता येत नव्हता तुम्हाला, तेव्हापासून हाताशी धरलं. मग माझ्या तोंडून 'घरजावई' गेलं. चारचौघांत गेलं. आता तुम्ही दोघं दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोल्यांत राहत होतात, माझ्या घरात एक रात्रही काढली नव्हती, तेव्हा तो शब्द खोटासुद्धा होता. पण रागाच्या भरात खरंखोटं कोण बघतं? जो शब्द जास्त लागेल तो हाताशी येतो. बेबीने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. तुम्ही मात्र नेहमीसारखेच, 'बरं मास्तर'. अहो, एकदा तरी उलट बोलायचं होतं! दोघांचंही भलं झालं असतं.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली. कारखाना बंद करताना मी मेन स्विच खाली ओढला. हे मी चाळीस वर्षं करतो. कारण तुम्हाला ठाऊक आहे आणि नसेल तर आता वाचा. मी ज्यांच्याकडे शिकलो त्यांच्या दुकानात एका संध्याकाळी इस्त्री चालू राहिली. सकाळी गेलो तर ताग्यांच्या जागी राख होती, आणि ती विझवायला धावलेल्या आमच्या जुन्या कारागिराचा उजवा हात कामातून गेला होता. भरतकाम करणाऱ्याचा उजवा हात. तेव्हापासून शेवटचा माणूस मी, आणि शेवटचं काम मेन स्विच. सगळं मुकं झालं की मी कुलूप लावतो. तर त्या शनिवारी सगळं मुकं झालं आणि डब्याच्या पाठीमागे एक हिरवा ठिपका तसाच जळत होता. तुम्ही दुपारी डबा तिरका ठेवून गेला होता म्हणून दिसला, एरवी दिसलाच नसता. मेन बंद आणि दिवा चालू! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वायर धरून मागे मागे गेलो तर ती रिळांच्या कपाटामागून भिंतीतल्या भोकातून थेट आपल्या घराच्या स्वयंपाकघरात. म्हणजे माझ्या नियमाला माझ्याच भिंतीत भोक पाडून ठेवलेलं. तुम्ही मोबाइल चार्ज करायला नाहीतर कशाला ही चोरवाट केली असणार, असं म्हणून मी पक्कड आणली आणि ती वायर मुळासकट उपटली. डब्याला पुन्हा कारखान्याचा प्लग लावला आणि शांत झोपलो.

मंगळवारी टाय लावलेला एक मेकॅनिक आणला. त्याने डब्याला हातही न लावता, नुसता पडदा वाचून, डिस्क गेली म्हणून सांगितलं. गेली म्हणजे? म्हणजे आतलं सगळं गेलं. अकराशे डिझाइनं. त्यात तुमच्या सासूबाईंनी लग्नाआधीपासून हाताने काढलेल्या वेलबुट्ट्या, ज्या तुम्ही दोन वर्षं बसून एकेक टाका मोजून आत चढवल्या होत्या. हे ऐकून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी तुमच्या नावाने बोटं मोडली. बुधवारी दुसरा आला. याला टाय नव्हता, पण ब्लोअर होता. त्याने झाकण काढून न बघता उपडं टाकलं, आतली धूळ माझ्या तीनशे जाकिटांवर उडवली, वीज पुरवणारा डबा बदलला, चहा प्यायला, आणि कॉम्प्युटर पुन्हा 'टूं' करून तिथेच थांबला. तो म्हणाला, "काका, भंगारात द्या." मी म्हणालो, "तुला देतो." गुरुवारी काही झालं नाही, म्हणजे मशीनचं काही झालं नाही. शुक्रवारी मी पाच जाकिटांचे बिल्ले हाताने भरायला घेतले. माझे डोळे आता चाळिशीतले नाहीत. दीड बिल्ल्यावर सोडलं.

या रिकाम्या दिवसांत माणसाला नको त्या गोष्टी आठवतात. तुम्ही कधीकधी सकाळी माझ्याही आधी कारखान्यात येऊन बसायचात, ते आठवलं. रोज नाही, महिन्यातून एखाद-दोनदा. मी कुलूप काढायला यावं तर दार उघडं, बेबीकडून किल्ली घेऊन तुम्ही आत, कॉम्प्युटरसमोर. मला वाटायचं, सासऱ्यावर छाप पाडायला आलाय. मी मुद्दाम काही बोलायचो नाही, उगाच डोक्यावर कशाला चढवा? आणि तेही आठवलं, तीन वर्षांपूर्वी तुम्ही म्हणाला होता की डब्याच्या आत एक लहानसा भाग बदलायचाय, दोन तास बंद ठेवावा लागेल. मी म्हणालो, चालतंय ना? चालत्या मशीनला हात लावायचा नाही, आणि माझ्यासमोर तो डबा पुन्हा उघडायचा नाही. आधी एकदा तुम्ही उघडला होता तेव्हा तीन दिवस काम अडलं होतं, ते माझ्या डोक्यात होतं. तुम्ही काय म्हणालात? सांगायलाच हवं का?

या सोमवारी वरच्या मजल्यावरच्या टेलिफोनवाल्या बाई खाली उतरल्या. तीस वर्षं टेलिफोन खात्यात तारा जोडून निवृत्त झाल्या आहेत, तुम्हाला ठाऊक आहेत, जिन्यात चपला काढू देत नाहीत त्याच. म्हणाल्या, आठ दिवस तुमची शिवीगाळ ऐकतेय, आता मशीन बघू द्या. त्यांनी आल्या आल्या डबा उघडला नाही. खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि पडद्यावरच्या तिन्ही ओळी सावकाश वाचल्या. मग मला विचारलं, याचं घड्याळ काय दाखवतंय? मी म्हणालो, घड्याळाचं काय घेऊन बसलात, डिस्क गेलीय. त्यांनी ऐकलं नाही. कुठलीशी बटणं दाबून एक निळा पडदा काढला आणि तारीख दाखवली. वीसेक वर्षांपूर्वीची, एक जानेवारी. म्हणाल्या, डिस्क कुठेही गेलेली नाही. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती संपलीय. वीज असेपर्यंत याला सगळं आठवतं, वीज पूर्ण तोडली की तारीख विसरतो, आणि डिस्क किती मोठी, कशी वाचायची तेही विसरतो. म्हातारं यंत्र आहे, त्याला ते आकडे हाताने सांगावे लागतात. हा कधी पूर्ण बंद केला होता का?

मी म्हणालो, रोज करतो. आणि मग मला तो हिरवा ठिपका आठवला.

बाईंनी बॅटरी बघायला झाकण काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेला एक कागद होता. तुमचं ते गिचमीड अक्षर. त्यांनी मोठ्याने वाचला आणि मावशी धागे कापायच्या थांबल्या. शब्द माझे पाठ झालेत: "याची बॅटरी संपली आहे. मास्तर रोज मेन बंद करतात आणि ते त्यांचं बरोबर आहे, म्हणून घराच्या लाइनवरून वेगळी वायर दिली आहे. ती काढू नये. वीज गेली किंवा वायर निघाली तर खालचे आकडे भरावेत, पाच मिनिटांत सुरू होईल. मास्तरांना आता माझ्याकडून ऐकायचं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो." खाली चार आकडे, त्याखाली तारीख. शनिवारची. तुम्ही त्या दुपारी उकिडवे बसून दातांत स्क्रू ड्रायव्हर धरून हे चिकटवत होता.

बाईंनी आकडे भरले. पाच मिनिटंही लागली नाहीत. अकराशेच्या अकराशे डिझाइनं जागच्या जागी. नवी बॅटरीही त्यांनीच आणून बसवली, दोन तासांचं काम वीस मिनिटांत. बाराही डोक्यांनी बिल्ले भरायला घेतले. आणि जावईबापू, मला आनंद झाला नाही. मला तुमचा असा राग आला की जेवण गेलं नाही. जो डबा उघडायची मी सगळ्यांना बंदी केली होती, त्याच्या पोटात तुम्ही खुलासा ठेवता? कोणाला सापडावा म्हणून? तीन वर्षं माझ्या चुकीवर तुम्ही गुपचूप ठिगळ लावत राहिलात, वीज गेली की उजाडताच येऊन आकडे भरत राहिलात, आणि मला एकदाही म्हणाला नाहीत की मास्तर, तुम्ही गाढव आहात? ती वायर तुमच्या सासूबाईंना ठाऊक होती! भोक पाडताना भिंतीचा चुरा त्यांनीच झाडला. त्यांना विचारलं, मला का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, तुम्हाला सांगून काय झालं असतं? आणि इतके दिवस वायर उपटल्याचं तुम्ही तरी मला कुठे सांगितलंत? या घरात सगळे मला सांभाळून घेत होते. मी काय तान्हं मूल आहे? तुमची ही सोशीक वागणूक मला चांगुलपणा वाटत नाही, समोरच्याला मूर्ख ठरवायची ती एक सभ्य रीत आहे. तुम्ही त्या दारात मला बघून झाकण लावण्याऐवजी एवढंच म्हणाला असतात, की मास्तर, वायर काढू नका, तर पुढचं काही घडलं नसतं. यातला तुमचा वाटा तुम्ही घ्या. तो मी घेणार नाही.

मावशींना, कापडवाल्याला, छापखान्यात, सगळीकडे जाऊन मी माझं म्हणणं मागे घेतलं. तुमच्या काकांकडे दोनदा गेलो, पहिल्यांदा ते घरी नव्हते. दर ठिकाणी कागद दाखवला. लोक हसले. हसू देत.

आता गुरुवारचं. मागच्या गुरुवारी, मशीन बंद होतं तेव्हा, सकाळी मला एक फोन आला होता. तुमच्या त्या इस्पितळातल्या खात्याचे साहेब. आधी जिथे काम केलं तिथे विचारपूस करतो, ही रीत आहे म्हणाले, माणूस कसा आहे? मी काय सांगितलं असेल ते तुमच्या आत्तापर्यंत ध्यानात आलं असेल. मी सांगितलं, हात चांगला आहे, पण जाताना माझं मशीन निकामी करून गेला. ते म्हणाले, आमच्या यंत्रांना माणसं जोडलेली असतात, बरं झालं सांगितलंत. काल बेबीचा आईला फोन आला, रुजू व्हायच्या तोंडावर तुम्हाला 'सध्या थांबा' म्हणाले, कारण कोणी सांगत नाही, तुम्ही दिवसभर खिडकीशी बसून असता. तुम्हाला कारण ठाऊक नाही, तिला नाही, तुमच्या सासूबाईंनाही नाही. ते एकट्या मला ठाऊक होतं, आणि ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. बाकीची पानं मी इथवर यायचं टाळत होतो म्हणून भरली. आज सकाळी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता?" लेखी द्या म्हणाले. लिहून काढलं आहे, सही करून, कागदाच्या नकलेसह, आणि उद्याच्या गाडीने स्वतः येऊन त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे. जागा अजून भरलेली नाही एवढंच कळलं, मिळेल असं कोणी म्हणालं नाही. तुमच्या घरी मी येणार नाही. माझ्या हातून तुमचं फार वाईट झालं, जावईबापू, आणि त्याची मला लाज वाटते. बेबीला हे सांगायचं की नाही ते मी तुमच्यावर सोडतो. सांगितलंत तर ती माझ्याशी पुन्हा बोलणार नाही. मला खात्री आहे, कारण ती माझ्यावर गेली आहे.

तुमचाच म्हणवून घ्यायला आता जीभ अडखळते, तरी तुमचाच,
मास्तर